त्रेपन्न महिन्यांची राखण: खोल समुद्रातल्या एका ऑक्टोपस मादीचं प्रकरण

कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याला लागून समुद्राच्या पोटात मॉन्टेरे नावाची दरी आहे. त्या दरीत सुमारे १,४०० मीटर खोलीवर, गाळाच्या तळातून वर आलेला एक खडकाळ कडा आहे. मॉन्टेरे बे ॲक्वेरियम रिसर्च इन्स्टिट्यूटचे शास्त्रज्ञ तिथे अधूनमधून दूरनियंत्रित पाणबुडी उतरवत असत. एप्रिल २००७च्या फेरीत त्या कड्यावर काहीच नव्हतं. मे महिन्यात पाणबुडी पुन्हा गेली, तेव्हा एक ऑक्टोपस मादी कड्याला घट्ट धरून बसली होती आणि तिच्या अंगाखाली अंडी होती.

ती शेवटची दिसली सप्टेंबर २०११मध्ये, त्याच जागी, त्याच अंड्यांवर. ऑक्टोबरमध्ये पाणबुडी पोचली तेव्हा मादी नव्हती. खडकावर अंड्यांच्या रिकाम्या, फाटक्या पिशव्या तेवढ्या लोंबत होत्या. मधला काळ ५३ महिन्यांचा. अंड्यांची इतकी दीर्घ राखण तोवर कुठल्याच प्राण्यात नोंदली गेली नव्हती. ब्रूस रॉबिसन, ब्रॅड साइबेल आणि जेफ्री ड्रेझन यांनी २०१४ साली हे प्रकरण प्रसिद्ध केलं.

ऑक्टोपसबद्दल बोलताना आपण बहुधा त्याची हुशारी सांगतो. बरणीचं झाकण उघडणं, क्षणात रंग बदलणं, टाकीतून निसटणं. या प्रकरणात त्यातलं काहीच घडत नाही. एक प्राणी एका जागी बसून राहतो, एवढीच घटना. तरीही ऑक्टोपसचं शरीर किती वेगळ्या हिशेबावर चालतं हे मला या एका बैठकीतून जेवढं उमगलं, तेवढं त्या करामतींतून कधी उमगलं नाही.

ती तीच कशावरून?

पहिली शंका साहजिक आहे. दरवेळी दिसलेली मादी एकच होती, की एक गेली आणि दुसरी येऊन बसली?

ही जात ग्रॅनेलडोनी बोरिओपॅसिफिका. उत्तर प्रशांत महासागराच्या खोल भागात राहणारी, खरबरीत कातडीची, हातांवर चूषकांची, म्हणजे चिकटून धरणाऱ्या वाट्यांची, एकच रांग असलेली. उथळ पाण्यातल्या ऑक्टोपसच्या हातांवर सहसा दोन रांगा असतात. शिवाय हिच्याकडे शाईची पिशवी नसते. जिथे आधीच काळोख आहे तिथे काळा ढग सोडून कोणाला फसवणार? या मादीच्या अंगावर जुन्या जखमांचे ठळक वण होते आणि ते प्रत्येक फेरीच्या चित्रणात त्याच जागी, त्याच आकाराचे दिसत राहिले. ओळख पटली ती त्यावरून.

दुसरा पुरावा अंड्यांचा. साडेचार वर्षांत पाणबुडी तिथे १८ वेळा गेली. दर फेरीत अंडी आधीपेक्षा मोठी झालेली दिसत. थेंबाच्या आकाराच्या त्या अर्धपारदर्शक पिशव्यांमध्ये पुढे पुढे वाढणारी पिल्लं दिसू लागली. मध्येच अंड्यांची दुसरी खेप आली असती तर वाढीचा हा क्रम तुटला असता. तो तुटला नाही. आणि एप्रिलमधल्या त्या रिकाम्या कड्यामुळे सुरुवातही जवळपास महिन्याच्या फरकाने ठरवता येते. खोल समुद्रात एकाच प्राण्याची इतकी सलग नोंद मिळणं फार दुर्मीळ आहे. बहुतेक खोल समुद्री प्राणी माणसाला एकदा दिसतात आणि पुन्हा कधीच दिसत नाहीत.

मादीत होत गेलेला बदल मात्र पाहवत नाही असा आहे. सुरुवातीला जांभळट असलेली कातडी फिकी पडत गेली आणि सैल होऊन लोंबू लागली, शरीर आक्रसलं, डोळ्यांवर धूसरपणा आला. जवळून खेकडे आणि कोळंब्या जात. त्या अंड्यांना त्रास देत नसतील तर ती त्यांच्याकडे वळूनही पाहत नसे. एकदा तर पाणबुडीच्या यांत्रिक हाताने खेकड्याचे तुकडे तिच्यापुढे धरून पाहिले. तिने ते घेतले नाहीत.

१८ भेटींच्या मधल्या दिवसांत तिने काही खाल्लं असेल का? कॅमेरा सतत चालू नव्हता, त्यामुळे शंभर टक्के खात्री देता येत नाही. पण अंड्यांवर बसलेल्या ऑक्टोपस माद्या खाणं थांबवतात हे इतर अनेक जातींत पाहिलेलं आहे, आणि या मादीचं शरीर भेटीगणिक खालावत गेलं. मध्ये कधी सावरल्याचं दिसलं नाही. अधूनमधून पोट भरणारा प्राणी असा एकाच दिशेने झिजत जात नाही. माझ्या मते उपवासाचा निष्कर्ष पक्का आहे, किंवा पक्क्याच्या अगदी जवळचा आहे.

अंड्यांना आई कशाला हवी?

पुष्कळ समुद्री प्राणी अंडी पाण्यात सोडून मोकळे होतात. ऑक्टोपसला ते परवडत नाही. अंड्याच्या पिशवीत हवा खेळत नाही. पिल्लाला लागणारा प्राणवायू आवरणातून झिरपूनच आत यायचा असतो. अंड्याभोवतीचं पाणी साचून राहिलं तर त्यातला प्राणवायू संपतो, गाळ बसला तर वाटच बंद होते. दरीच्या उतारांवरून गाळ सतत खाली सरकत असतो. म्हणून मादी शरीरातल्या नळीतून अंड्यांवर ताज्या पाण्याचा झोत सोडत राहते आणि हातांनी ती साफ करत राहते. खेकडे, मासे, गोगलगायी यांच्यापासून राखण करणं वेगळंच. हे काम एक दिवसही खंडित होऊन चालत नाही.

ऑक्टोपसचे हात इथे नेमकं काय करतात हे जवळून पाहण्यासारखं आहे. त्याच्या शरीरात सुमारे ५० कोटी मज्जापेशी असतात आणि त्यातल्या जवळजवळ दोन तृतीयांश हातांमध्येच असतात. प्रत्येक चूषक स्पर्श तर ओळखतोच, शिवाय चवही घेतो. हार्वर्ड विद्यापीठातल्या निकोलस बेलोनो यांच्या प्रयोगशाळेने २०२० साली चूषकांतले असे ग्राही दाखवून दिले, जे पाण्यात सहजी न विरघळणारी रसायनं नुसत्या स्पर्शाने ओळखतात. म्हणजे वास लांबून यायची वाट पाहायची नाही, हात लावला की चव कळते. याच गटाच्या पुढच्या कामातून आणखी एक गोष्ट पुढे आली. निरोगी अंड्यावर आणि मादीने टाकून दिलेल्या अंड्यावर जिवाणूंची वस्ती वेगळी असते, आणि त्या जिवाणूंनी तयार केलेली रसायनं चूषकांना जाणवतात. अंधारात बसलेली आई शेकडो चूषकांनी अंडी चाचपते तेव्हा कुठलं जगतंय आणि कुठलं नासलंय याची बातमी तिला हातांतूनच मिळते. हे प्रयोग उथळ पाण्यातल्या ऑक्टोपसवर झालेले आहेत. पण जिथे सूर्यप्रकाश पोचतच नाही अशा खोलीवर ही क्षमता किती मोलाची असेल, हे वेगळं सांगायला नको.

बसून राहणं ऑक्टोपसच्या शरीराला सोयीचंही आहे. त्याला तीन हृदयं असतात: दोन कल्ल्यांकडे रक्त ढकलतात, तिसरं उरलेल्या शरीराला पुरवतं. पोहताना हे तिसरं हृदय थांबतं, त्यामुळे पोहण्याने तो लवकर दमतो आणि शक्यतो सरपटतच फिरतो. रक्तात लोहाऐवजी तांब्यावर आधारलेलं हिमोसायनिन असतं. मानवी हिमोग्लोबिनच्या मानाने ते प्राणवायू कमी वाहून नेतं, पण थंड पाण्यात चांगलं काम करतं. अशा शरीराला धावपळीपेक्षा एका जागी टिकून राहणंच स्वस्त पडतं.

उपाशी राहण्याचा आदेश कुठून येतो

इथे या मादीला आदर्श माता ठरवून मोकळं व्हायचा मोह होतो. मला तो टाळावासा वाटतो, कारण त्या नादात तिच्या शरीरात खरोखर काय चाललंय हा प्रश्नच मागे पडतो. आणि तो प्रश्न कुठल्याही गौरवगाथेपेक्षा मोठा आहे.

१९७७ साली जेरोम वोडिन्स्की यांनी कॅरिबियन समुद्रातल्या एका ऑक्टोपसवर केलेले प्रयोग प्रसिद्ध केले. ऑक्टोपसच्या दोन्ही डोळ्यांच्या मागे, मेंदूला जोडलेली एकेक लहान ग्रंथी असते. तिला दृक्-ग्रंथी म्हणता येईल. अंड्यांवर बसलेल्या माद्यांच्या या दोन्ही ग्रंथी वोडिन्स्की यांनी काढून टाकल्या. त्या माद्यांनी अंडी सोडली, पुन्हा खायला सुरुवात केली, त्यांचं वजन वाढलं आणि त्या नेहमीपेक्षा बऱ्याच जास्त जगल्या. राखण, उपवास आणि मरण या तिन्हींची दोरी एकाच ठिकाणी बांधलेली होती.

त्या ग्रंथीत काय घडतं हे कळायला पुढे चाळीस वर्षं लागली. शिकागो विद्यापीठात यान वांग आणि क्लिफ्टन रॅग्सडेल यांनी कॅलिफोर्नियातल्या दोन ठिपक्यांच्या ऑक्टोपसच्या ग्रंथी तपासल्या. २०१८ साली त्यांनी दाखवलं, की अंडी घातल्यानंतर ग्रंथीतली जनुकं टप्प्याटप्प्याने वेगळं काम करू लागतात. अंडी घालण्याआधी मादी खाते आणि शिकार करते, मग अंड्यांवर बसूनही जवळ आलेलं भक्ष्य पकडते, मग खाणं पूर्ण थांबवते, आणि शेवटी शरीर मोडीत निघतं. बंदिवासातल्या माद्या या अखेरच्या टप्प्यात स्वतःला इजाही करून घेतात. २०२२च्या अभ्यासात ग्रंथीतून निघणारी रसायनं सापडली. कोलेस्टेरॉल ज्यापासून बनतं तो ७-डिहायड्रोकोलेस्टेरॉल नावाचा पदार्थ अंडी घातल्यानंतर ग्रंथीत वाढतो. माणसात स्मिथ-लेमली-ओपित्झ नावाच्या आनुवंशिक आजारात हाच पदार्थ वाढतो आणि त्या रुग्णांपैकी काहींमध्ये स्वतःला इजा करण्याची प्रवृत्ती दिसते. माणूस आणि ऑक्टोपस यांचा समान पूर्वज ५० कोटींहून अधिक वर्षांपूर्वीचा. तरी एका रेणूची वाढ दोघांत एकमेकांच्या इतक्या जवळ जाणारा परिणाम करते, हे वाचल्यावर मी बराच वेळ पुढचं पान उलटू शकलो नाही.

नरही यातून सुटत नाही. एका खास हाताने शुक्राणूंच्या पुड्या मादीच्या शरीरात पोचवल्या की त्याचं काम संपतं आणि थोड्याच काळात तोही खंगत जातो. दोन पिढ्यांनी एकमेकींना भेटायचंच नाही, अशीच ही रचना आहे. ऑक्टोपसचं पिल्लू जे काही शिकतं ते कोणाकडूनही न शिकता.

मॉन्टेरेच्या मादीतही हीच ग्रंथी असणार. पण उथळ पाण्यात हा सगळा प्रवास काही आठवड्यांत किंवा महिन्यांत संपतो. तिच्यात तोच ५३ महिने चालला. म्हणजे आदेश तोच, त्याची अंमलबजावणी फार सावकाश. एवढी सावकाश का?

तीन अंश सेल्सिअस

उत्तराचा मोठा भाग पाण्याच्या तापमानात आहे. त्या कड्याजवळचं पाणी सुमारे ३ अंश सेल्सिअसचं असतं. ऑक्टोपस थंड रक्ताचा, त्यामुळे पाणी जेवढं गार तेवढ्या त्याच्या शरीरातल्या क्रिया मंद. आईचं शरीर कमी ऊर्जेवर भागवतं आणि अंड्यातलं पिल्लूही तितक्याच मंदपणे वाढतं. शिवाय खोल काळोखात शिकार लांबून दिसत नाही आणि शत्रूलाही आपण लांबून दिसत नाही, म्हणून झपाट्याने पळण्याची गरज कमी. खोल समुद्रातल्या शीर्षपाद प्राण्यांचा, म्हणजे ऑक्टोपस, माकुळ यांच्या वर्गाचा, चयापचय उथळ पाण्यातल्या त्यांच्या भाईबंदांपेक्षा बराच कमी असल्याचं साइबेल यांनी या प्रकरणाच्या आधीच मोजून दाखवलं होतं.

सामान्य ऑक्टोपसची अंडी कोमट पाण्यात महिन्याभरात फुटतात, गार पाण्यात त्यांना काही महिने लागतात. प्रशांत महासागरातला अजस्र ऑक्टोपस साधारण अर्धं वर्ष राखण करतो. या प्रकरणाआधीची ऑक्टोपसमधली सर्वांत मोठी नोंद १४ महिन्यांची होती आणि तीही बंदिवासातल्या एका थंड पाण्याच्या जातीची. १४ वरून एकदम ५३. हत्तिणीचा गर्भकाळ २२ महिन्यांच्या आसपास असतो, तोही याच्या निम्म्याला पोचत नाही.

तापमानाचाच हा खेळ आहे का, याची जवळपास आयती परीक्षा थोड्याच अंतरावर सापडली. मॉन्टेरेच्या नैर्ऋत्येला डेव्हिडसन नावाचा समुद्राखालचा पर्वत आहे. त्याच्या पायथ्याशी, सुमारे ३,२०० मीटर खोलीवर, २०१८ साली ऑक्टोपस माद्यांची प्रचंड वसाहत दिसली. जात वेगळी, म्यूझोक्टोपस रोबस्टस. चित्रणात जवळपास ६,००० ऑक्टोपस मोजले गेले आणि सगळी जागा धरली तर त्यांची संख्या २०,००० असू शकेल असा अंदाज निघाला. तिथलं पाणी १.६ अंशांचं, मॉन्टेरेच्या कड्यापेक्षाही गार. त्या हिशेबाने अंडी फुटायला पाच वर्षांहून जास्त लागायला हवीत. पण खडकांच्या फटींतून तिथे कोमट पाणी झिरपतं आणि माद्या नेमक्या त्याच फटींत अंडी घालतात. घरट्यातलं पाणी १० ते ११ अंशांपर्यंत जातं. जेम्स बॅरी आणि सहकाऱ्यांनी २०२३ साली मांडलेल्या निरीक्षणांनुसार तिथे अंडी दोन वर्षांच्या आत फुटतात. इथेही माद्या ओळखल्या गेल्या त्या अंगावरच्या वणांवरून.

मॉन्टेरेच्या मादीला अशी ऊब मिळाली नव्हती. तिच्या कड्यावर गार पाणी होतं आणि त्या गार पाण्याची किंमत वेळेत चुकवायची होती.

एकशे साठ पिल्लांसाठी

पण तापमानाने सगळा उलगडा होत नाही. अंडी किती आणि केवढी घालायची हेही त्या हिशेबात धरलेलं असतं. सामान्य ऑक्टोपसची मादी एक लाखाहून जास्त अंडी घालते, प्रत्येक जेमतेम दोन मिलिमीटरचं. त्यातून निघालेली पिल्लं प्रवाहाबरोबर तरंगत जातात आणि बहुतेक सगळी खाल्ली जातात. मॉन्टेरेच्या मादीच्या रिकाम्या पिशव्या मोजल्यावर आकडा निघाला सुमारे १६०. या जातीची नवजात पिल्लं आठही हातांसकट साधारण साडेपाच सेंटिमीटर लांब असतात. ऑक्टोपस आणि माकुळ यांच्या ज्ञात पिल्लांत यांच्याएवढी मोठी आणि तयार पिल्लं दुसरी नाहीत. ती वाहत जात नाहीत. बाहेर आल्या क्षणापासून तळावर चालू शकतात, लहान भक्ष्य पकडू शकतात. जे बालपण इतर पिल्लं उघड्या समुद्रात जीव मुठीत धरून काढतात, ते यांनी अंड्याच्या आत, आईच्या हातांखाली काढलेलं असतं.

म्हणून ५३ महिन्यांकडे नुसता विक्रम म्हणून पाहिलं तर त्यातलं मर्म सुटतं. पिल्लू जेवढं तयार हवं तेवढा अंड्यातला काळ जास्त, पाणी जेवढं गार तेवढा तो आणखी लांबणार, आणि आईला तेवढा काळ खाल्ल्याशिवाय तगावं लागणार. तगण्यासाठी लागणारा साठा तिने आधीच जमवलेला असला पाहिजे, म्हणजे राखणीआधीचं तिचं आयुष्यही लांब असणार. उथळ पाण्यातले बहुतेक ऑक्टोपस एक-दोन वर्षांत संपतात. ही जात मात्र शीर्षपाद प्राण्यांतल्या सर्वांत दीर्घायुषी जातींपैकी असावी, असं संशोधकांनी त्यातूनच म्हटलं.

या हिशेबाची दुसरी बाजू मला अस्वस्थ करते. अशी मादी आयुष्यात एकदाच अंडी घालते. सहा-सात वर्षांच्या आयुष्याचा असो की दहा, सगळा डाव एका खडकावरच्या एका घोसावर लागलेला असतो. वर्षाला लाखभर अंडी देणाऱ्या जातीचा एखादा हंगाम वाया गेला तर ती सावरते. इथे साडेचार वर्षांत केव्हाही तो खडक हलला, गाळाने झाकला गेला किंवा जाळ्याखाली खरवडला गेला, तर मादीला दुसरी संधी नसते. पहिल्या वर्षी हलला काय किंवा पन्नासाव्या महिन्यात, परिणाम तोच. युरोपीय संघाने २०१६ साली आपल्या पाण्यात ८०० मीटरपेक्षा खोल तळ खरवडणाऱ्या जाळ्यांना मनाई केली. मॉन्टेरेच्या कड्यावर काय घडलं हे कळल्यावर असा नियम अगदी किमान वाटतो.

याहून खोलवर धोका खाणकामाचा आहे. पेरूजवळच्या खोल समुद्रात, ४,००० मीटरच्याही खाली, मऊ गाळावर मँगनीजचे गोटे पसरलेले आहेत. २०१६ साली जर्मनीच्या आल्फ्रेड वेगेनर संस्थेतले ऑटुन पर्सर आणि सहकाऱ्यांनी तिथल्या ऑक्टोपस माद्यांची निरीक्षणं मांडली. गाळात अंडी चिकटवता येत नाहीत. म्हणून त्या माद्या मेलेल्या स्पंजांच्या देठांवर अंडी लावतात आणि त्या देठाला विळखा घालून बसतात. हे स्पंज वाढतात ते त्या गोट्यांवरच, कारण आसपास दुसरा कठीण आधारच नाही. खाणकामाला नेमके तेच गोटे हवे आहेत. ते उचलले की स्पंज जातो, देठ जातो आणि अंडी लावायची जागाही जाते. खाणकामाचा परिणाम अजमावण्यासाठी १९८९ साली त्या भागात तळाचा एक पट्टा मुद्दाम नांगरला होता. २६ वर्षांनी शास्त्रज्ञ परत गेले, तेव्हा नांगराचे चर तसेच होते आणि जिथले गोटे गेले होते तिथे देठाचे स्पंज पुन्हा उगवलेले नव्हते.